मोसंबी सोलून होईपर्यंत

हायब्रीड काका फासे टाकायच्या आधी ते तळहातावर घेऊन एकदा फुंकर मारायचे. फाशांना काही लागलेलं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण बियाणे कंपनीत सारी हयात दाणे निवडण्यात गेलेली, हाताची सवय जाईना. दर रविवारी दुपारी जालन्यात, धान्यबाजाराच्या मोंढ्यामागच्या त्यांच्या घरी आम्ही जमायचो. त्यांची मुलगी कॉलेजच्या सुट्टीत हा खेळ घेऊन आली होती. पुढे ती नोकरीला नागपूरला गेली आणि खेळ काकांच्या गळ्यात पडला तो कायमचा.

खेळ म्हणजे सगळ्यांनी मिळून सांगायची गोष्ट. प्रत्येकाचं एक पात्र. ते काय करतं हे आपण बोलायचं, जमलं की फसलं हे फासे ठरवणार, आणि बाकीचं जग, म्हणजे राक्षस, पाऊसपाणी, धर्मशाळेतला खवचट स्वयंपाकी, हे सगळं काका चालवणार. मोबाइल दुरुस्त करणारा वसीम आमचा जादूगार. दवाखान्यात नर्स असलेल्या सुनंदाताईंचं पात्र अर्धं तलवारबाज, अर्धं चोर. मी आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवते. माझं पात्र अर्धं तलवारीचं, अर्धं वैद्यकीचं. असे दोन धंदे एकत्र करणाऱ्या पात्रांना काका ‘हायब्रीड’ म्हणायचे आणि त्यांच्यावर काकांचा फार जीव. त्यावरूनच आम्ही त्यांना हे नाव ठेवलं होतं.

पण आम्हा हायब्रीडांचे हाल होते. दोन विद्या शिकायच्या म्हणून आम्ही दोन्हींत कच्च्या, आणि वसीम एकच विद्या घेऊन सुसाट. दरोडेखोर समोर आले की आम्ही तलवार उपसेपर्यंत हा आगीचा लोळ टाकून मोकळा. वर म्हणायचा, “काम तमाम, काका. पुढं चला.” एका रविवारी सुनंदाताईंनी फासे खाली ठेवले. “काका, मी नुसती बसून राह्यले. बसायचंच तर घरी बसते की,” म्हणाल्या, आणि पुढच्या रविवारपासून आल्या नाहीत. त्यांची खुर्ची काकांनी जागची हलवली नाही. तिच्यावर कुणाला पिशवीसुद्धा ठेवू देत नसत.

आता हा डावच मोडतो की काय, या काळजीनं काकांना जेवण जाईना. आधी त्यांनी मला खुराक दिला: मंतरलेली तलवार, मंतरलेलं चिलखत, वर न मरण्याचं वरदान. त्या जोरावर मी एकटीनंच राक्षस लोळवला आणि वसीम तोंड पाडून बसला. काकांनी सगळं परत काढून घेतलं. “युरिया जास्त झाला. नुसता पाला आला, बोंडं न्हाईत.” मग वसीमचे मंत्र अधूनमधून फसतील असा नियम केला. वसीम म्हणाला, “ये क्या बात हुई, काका? मी खेळायला आल्तो, मार खायला न्हाई.” तोही नियम गेला.

उपाय सापडला तो समोरच्या ताटलीत. काकांनी त्यातली एक मोसंबी उचलून वसीमपुढे ठेवली.

“आजपासून तुझा मंत्र म्हणजे ही मोसंबी. चाकू न्हाई, बोटांनीच सोलायची. सोलून झाली की आग. तवर तुझ्यावर कोणी हात टाकला तर मंत्र गेला. दार कोणीतरी धरलं पाहिजे.”

गुहेच्या तोंडाशी राक्षस, आत वसीम मोसंबीशी झटतोय. साल जाड, रस मनगटावरून ओघळतोय. माझं पात्र दारात उभं: एका हातानं तलवार, दुसऱ्यानं वसीमच्या जखमेला मलम. “ताई, थोडं धरा. ताई, अर्धी झाली,” हा वसीम म्हणत होता, जो मला कधी खिजगणतीत धरत नसे. मोसंबी सोलून झाली, आग पडली, आणि टेबलाशी बसल्या जागी आम्हाला खरोखर धाप लागली होती. “आता बराबर,” काका म्हणाले. “आग त्याचीच, पण तुझ्याबिगर पेटत न्हाई.” त्या दिवशी मी घरी गेले ती हवेतच.

काका पिशवीभर मोसंब्या घेऊन सुनंदाताईंकडे स्वतः गेले, नवा नियम समजावून सांगितला. त्यांनी मोसंब्या ठेवून घेतल्या, “बघते” म्हणाल्या, आणि आल्या नाहीत. काकांना ते फार लागलं.

यंदा काका निवृत्त झाले आणि मुलीनं नागपूरला बोलावून घेतलं. निघताना बियाण्याच्या नमुन्याच्या कापडी थैलीत फासे घालून त्यांनी माझ्या हातात दिले.

“काका, तुमच्यासारखं मला जमायचं न्हाई.”

“जमू बी नये. हायब्रीडचं बी राखून पुढल्या साली पेरलं तर तसं येत न्हाई. तू तुझं काढ. फक्त सुनंदाची ती खुर्ची टेबलापासून काढू नको.”

टेबल आणि खुर्च्या माझ्या घरी आल्या. पण काकांच्या जागी मी बसले तर दार धरायला कोण? मी सुनंदाताईंना फोन लावला. म्हटलं, “मोसंबी बंद केली. आता मंत्र म्हणजे सुईत दोरा ओवायचा. वसीमनं जन्मात सुई-दोरा धरला न्हाई, कितीक वेळ लागंल सांगता येत न्हाई. दारात कोणीच न्हाई, ताई.” त्या बराच वेळ हसत राहिल्या. “येते,” म्हणाल्या.

त्या रविवारी खेळ संपल्यावर संध्याकाळी काकांना फोन केला. सुईचं ऐकून ते खूश झाले. मग जरा अडखळत विचारलं, “मंग दार कोणी धरलं?”

“सुनंदाताईंनी.”

पलीकडून फुंकर मारल्याचा आवाज आला. फासे तर माझ्याकडे होते.