सासूबाईंच्या डोक्यावरचा भोपळा

अक्षराची आणि ऱ्हस्व-दीर्घाची आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले, माझ्या ओळी ओल्या वाळूवरून खेकडे गेल्यासारख्या दिसतात. हे वाचणार कुणी नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी. (मी चुलीची माफी मागून फुंकणी उचलते, असं घरातले म्हणतात.)

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी सासूबाईंना जवळजवळ मारलं होतं. भोपळ्याने.

चिंचणीचं आमचं घर ठेंगणं, कौलारू. पावसाळ्यात मी दाराशी लाल भोपळ्याचं बी टाकलं आणि वेल छपरावर चढवला. नवरात्रापर्यंत एक कौल दिसेना. वर हिरवंगार, आत थंडगार. जाणारे-येणारे थांबून बघत आणि मी दारामागे लपून खूश होत असे.

मग सासूबाईंच्या खाटेच्या बरोबर वर एक भोपळा धरला. तो रोज फुगत गेला. त्याच्याखालच्या लाकडी रिपा करकरायला लागल्या.

"आये, खाट सरकवू का?"

"तुज्या भोपल्यासाठी मी जागा सोडू? तू जन्मली नव्हतीस तवापासून हितं निजते मी."

"मग तोडते त्याला."

"खबरदार गो! भोपल्याला पयली सुरी पुरुषाची. बाईनं लावली तर घरच्या पुरुषावर येते. पोर माजा दर्यात हाय."

झालं. तोडला तर नवरा बुडणार, ठेवला तर सासू चेपणार. काहीही झालं तरी गाव म्हणणार, बी सुनेनंच टाकलेलं. करकर झाली की मी वर बघायची आणि सासूबाई माझ्याकडे.

पुरुष आणायचा कुठून? आळीतले अर्धे होड्यांवर, उरलेले तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर. शेजारच्या जानकीकाकी म्हणाल्या, "आमचा नातू ने. पुरुषच हाय तो." नातू पाळण्यात होता. सासूबाईंनी थोडा वेळ खरंच विचार केला. मग म्हणाल्या, "जा, बाजारातून कोनाला तरी बोलाव." मी गेले. वाण्यासमोर उभी राहिले, तोंड उघडलं आणि मीठ घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पुन्हा मीठ आणलं.

शेवटी ठरवलं, कापायचा नाही, बांधायचा. सासूबाई पाण्याला गेल्या तशी फाटकं जाळं घेतलं, लुगडं वर खोचलं आणि घरामागून शिडीने छपरावर चढले. भोपळा जाळ्यात घालून दोर छपराच्या मधल्या मोभाला आवळला. आपल्याला काहीतरी जमतं, असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

तेवढ्यात अंगणात नवरा आला आणि त्याच्यामागे होडीवरचे सगळे खलाशी. एवढ्या पुरुषांसमोर त्या अवतारात उतरायचं? मी पानांत आडवी झाले.

सासूबाई हंडा घेऊन आल्या.

"आये, ही कुटं गेली?"

"घरात नाय? मीठ आनायला गेली काय परत?"

वाण्याकडे माणूस धावला. मी तिथेही नव्हते. मग नवरा म्हणाला, "हिरीत बघा रे." सासूबाई अंगणात मटकन बसल्या. "भोपल्यापायी लय बोलले गो मी तिला..."

'मी इथे आहे' एवढंच म्हणायचं होतं. आवाज फुटेना, म्हणून नुसती उठून उभी राहिले.

रिपा करकरल्या. कौलं, पानं आणि मी थेट सासूबाईंच्या खाटेवर. सुंभाने झेललं म्हणून हाडं वाचली.

सासूबाई धावत आत आल्या. मला चाचपून बघितलं, मग वर बघितलं. भोपळा जाळ्यात मजेत झुलत होता.

"भोपला सोडून सगलं पडलं," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने पहिली सुरी लावली. भोपळा आळीभर वाटला. कौलं उधारीवर आणावी लागली. सुके बोंबील विकून विकून होळीच्या सुमाराला मी कौलांचा शेवटचा रुपया फेडला. पैसे फिटले, पण जुन्या काळ्या कौलांत ती नवी लाल कौलं पुढे कित्येक वर्षं उठून दिसत होती, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून त्यावरून माझी रुंदी मोजत होता.