फ्लॉपीत मावलेली बोंडअळी

वर्ध्यात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात प्रेमदासची वीस वर्षं गेली. मग छापील फ्लेक्स आले आणि त्याचे ब्रश वाळायला लागले. पंचेचाळिसाव्या वर्षी तो थेट कॉम्प्युटर क्लासात जाऊन बसला. तिथल्या रुचिका मॅडमनी त्याला फ्लॅश हे चित्रं हलवणारं सॉफ्टवेअर दाखवलं. आपणच काढलेलं पाखरू पडद्यावर पंख हलवतंय हे पाहून तो खुर्चीतून उठलाच.

"अवं मॅडम, हे त उडून राह्यलं!"

२००३ सालच्या उन्हाळ्यात त्यानं कपाशीवरच्या बोंडअळीचं तीन मिनिटांचं चलचित्र बनवलं. पाखरू अंडं घालतं, अळी निघते, बोंडात शिरते. सांगणारा आवाज त्याच्या बायकोचा, शोभाबाईचा, तिच्या रोजच्या बोलीत. आष्टीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आनंदाबाईंनी कपाशीला बोंडं धरल्यावर एका बाजाराच्या दिवशी ते शेतकऱ्यांना दाखवायचं ठरवलं.

आठ दिवस आधी प्रेमदास फ्लॉपी घेऊन एसटीनं आष्टीला गेला. शाळेच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली, तर पडदा पांढराफटक! फ्लॅश चालवणारा प्लेअरच त्यावर नव्हता. इंटरनेट नाही, सीडीचा ड्राइव्हही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं रुचिकाला गाठलं. तिनं पब्लिश सेटिंगची खिडकी उघडली. आजवर दोघांनी तिथं कधी काही बदललं नव्हतं. पब्लिश दाबायचं, तयार फाइल बाहेर काढायची आणि मोकळं व्हायचं. तिनं बोट ठेवलं.

"काका, हे पाहा, प्रोजेक्टर. इथं टिक केली का प्लेअर फाइलच्या पोटातच जाते."

टिक केली, पब्लिश केलं. फाइल आपली आपण चालली. पण भरली दोन एमबीच्या वर. फ्लॉपीत मावतात जेमतेम चौदाशे केबी.

"आवाज काढून टाका काका, खाली लिहून देऊ, मंग बसते."

"आवाज नाई काढत. खाली लिहिलेलं वाचन कोन? बाया आयकूनच समजतीन."

मग दोघं त्या खिडकीतला एकेक आकडा हलवायला लागले. चित्रांची क्वालिटी ऐंशीवरून पन्नासवर. पब्लिश. अजून जड. आवाज स्टिरिओचा मोनो केला, त्याचा दर, म्हणजे सेकंदाला तो खाईल ती जागा, खाली आणला. पब्लिश. सोळाशे! दर आणखी खाली. शोभाबाई आता टेलिफोनवरून बोलल्यासारखी वाटत होती, पण शब्द न् शब्द कळत होता. पब्लिश.

"तेराशे चाळीस!" रुचिका ओरडली. सगळा क्लास वळून पाहायला लागला. प्रेमदासनं फ्लॉपी घातली, ड्राइव्ह घरघरला, आणि फाइल उतरली.

बाजाराच्या दिवशी शाळेच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रेमदासनं दोनदा क्लिक केलं. पाखरू उडालं, शोभाबाई बोलायला लागली. अळी बोंडात शिरली तशी पुढं बसलेली वच्छलाबाई नावाची शेतकरीण उभीच राहिली.

"थांबव, थांबव! हेच बारकं भोक म्या परवा आमच्या बोंडावर पाह्यलं. मले वाटलं, असंच असन काही. पुन्हा दाखव."

त्यानं पुन्हा दाखवलं. त्या दिवशी अकरा वेळा दाखवलं. दारात उभी असलेली शोभाबाई दर खेपेला स्वतःचा आवाज ऐकून पदर तोंडाला लावायची.

नंतर चार गावांच्या शाळांनी त्याला बोलावलं. पुढच्या वर्षी रुचिकानं फ्लॅशची सकाळची बॅच त्याच्याच हाती सोपवली. पहिल्या तासाला तो रेघ शिकवत नाही, रंगही नाही. तो विचारतो, "दाखवाचं कुठं हाय? तिथला कॉम्प्युटर कसा हाय, ते आधी पाहून येजा."