बाळंतिणीच्या खोलीतली भीती

वडगावपासून येळ्ळूरपर्यंत निम्मी पोरं माझ्या हातची. नर्सबाईंसारखं सर्टिफिकेट नाही, साधी सुईण मी. नाळ कापली की आपलं काम संपलं, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं! खरे किस्से साठतात ते पुढच्या सव्वा महिन्यात. आज हसत सांगते, पण त्या त्या वेळी मी पुरती घाबरलेली असायची.

*

येळ्ळूरची एक पोर बाळंत झाल्यापासून नुसती रडायची. घरच्यांनी दृष्ट काढली. चुलीत एवढ्या मिरच्या टाकल्या की सासरा, दीर, बाळाला घेतलेली सासू, सगळे खोकत, डोळे पुसत अंगणात! ही मात्र आतच. मला धसका बसला. तोंडाला पदर लावून आत गेले, तर म्हणाली, "आज का रडतीस म्हणून कुणी इचारलं न्हाय बघा. बरं वाटलं."

*

शहापुरात एकीला वाटायचं, आपला डोळा लागला की पोराचा श्वास थांबणार. चार दिवस त्याच्या नाकाशी बोट धरून बसलेली. मग ती बरळायला लागली. मी घाबरून तिच्या आक्काला बोलावून घेतलं. आक्का म्हणाली, बोट मी धरते, तू नीज. दुपारी जाऊन बघते तर आक्काच घोरतेय, आणि शेजारी बाळंतीणही गाढ! मागनं विचारलं तर म्हणते, "आक्का घोरत हुती न्हवं? म्हंजे कोन तरी जवळ हाय."

*

आता वडगावची. लढाईच्या दिवसांतली गोष्ट. विणकराचं घर, सून सुशीला पहिलटकरीण. सासू कडक, माग सोडून सुनेच्या खोलीत कधी यायची नाही. बाधा होऊ नये म्हणून रिवाजाप्रमाणे उशाखाली विळा मीच ठेवला होता. आठव्या दिवशी सुशीलानं माझं मनगट धरलं.

"मावशी, इळा काढा. भुताचं भ्या न्हाय मला. माझ्याच हाताचं भ्या वाटतंय."

माझ्या मनात आलं, घरात कळलं तर हिला वेडी ठरवतील, बाळ काढून घेतील आणि माहेरी धाडतील. तेवढ्यात बाहेरचा माग थांबला. सासू दारात उभी होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

तिनं विळा उचलून अंगणात टाकला, दार लावलं आणि सुनेला कुशीत घेतलं.

"सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "माझ्या थोरल्या लेकीच्या वक्ताला मी कुणाला सांगितलं न्हाय."

तिचे दोन्ही मुलगे माझ्या हातचे. लेक मी त्या घरात कधी पाहिली नव्हती.