हाबानेरोचा ठेचा आणि होणारा जावई

प्लेनोच्या आमच्या घरामागे हाबानेरो मिरचीची सहा झाडं आहेत. टेक्ससच्या उन्हात ती अशी माजतात की, शेजारी आता मला पिशवी घेऊन येताना पाहिलं की गॅरेजचं दार लावून घेतात. मी मूळचा नागपूरकडचा. तिखटाचा विषय निघाला की माझी कॉलर आपोआप ताठ होते.

त्या रविवारी लेक तिच्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदाच घरी जेवायला घेऊन आली. लग्नाचं दोघांचं ठरलं होतं, होकार फक्त माझा राहिला होता. "बाबा, प्लीज, बी नाइस," असं तिनं फोनवर तीनदा बजावलं होतं. मी नाइसच होतो. फक्त ठेचा करायचं ठरवलं.

मुलगा इथलाच, अमेरिकन. मिरच्यांचा तेलकट अर्क काढणाऱ्या कारखान्यात कामाला. त्या घट्ट, लालभडक तेलाचा थेंब पातेलंभर सॉसला पुरतो म्हणे. मिरच्या तोडायला मदत करतो म्हणाला आणि खिशातून चक्क रबरी हातमोजे काढले. म्हणजे हे आमचे जावईबापू! मी उघड्या हातांनी वीस मिरच्या तोडल्या, चिरल्या, बिया काढल्या आणि खलबत्त्यात कुटल्या.

दहा मिनिटांत बोटं पेटली. नळाखाली धरली तरी आग कमी होईना. त्यात घाम पुसताना बोट डोळ्याला लागलं आणि मी सिंकपाशी उभा राहून बोंब ठोकली.

"दाखवा अजून नागपूर," बायको म्हणाली.

तो धावत आला. आधी माझे डोळे पाण्यानं धुतले, मग तेलाची बाटली मागितली. हा अर्क चिकट असतो, नुसत्या पाण्यानं निघत नाही, आधी तेल लावायचं आणि मग साबण, असं तो इंग्रजीत समजावत होता. माझा उजवा हात हातात घेऊन एकेक बोट चोळत होता. मग हळूच म्हणाला, "अंकल, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मीही हेच केलं होतं. पार्किंगमध्ये बसून रडलो. तिला अजून सांगितलेलं नाही."

लेक दूर जाईल, या धास्तीनं मी महिनाभर धड झोपलो नव्हतो. या पोराचा मला रागच आला होता, अगदी न बघता.

"बाबा, से समथिंग," लेक मागून म्हणाली.

मी डावा हातही त्याच्यापुढे केला.