तीनदा विसळायचं

भुईगावात प्राध्यापक म्हटलं की प्रिस्का तुस्कानो. बापाने जन्मभर केळीला पाणी लावलं, मुलगी मुंबईच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवू लागली. गळ्यात क्रूस, टेबलावर बायबल, आणि कामात कुणाचीही गय नाही. काचेचं भांडं तीनदा विसळल्याशिवाय फळीवर चढायचं नाही. दोनदाच विसळलेलं तिला नुसतं बघून कळायचं.

गॉडफ्रे तिच्याच आळीतला. लॅब अटेंडंट म्हणून कंत्राटावर तिनेच त्याला लावलं होतं.

जानेवारीत एका संध्याकाळी ख्रिस्ती शिक्षकांच्या सभेत तिचं भाषण होतं. विषय, प्राध्यापकी करताना श्रद्धा कशी जगावी. उशीर झाला होता. हातातली ॲसिडची बाटली तिने लेबल न लावता बेसिनखाली, धुवायच्या बाटल्यांत ठेवली आणि निघाली. भाषण चांगलं झालं. सकाळी गॉडफ्रेने ती बाटली धुवायला उचलली. बूच सैल होतं. डावा पाय घोट्यापर्यंत भाजला.

चौकशी लागली. बाटली तिथे कुणी ठेवली? प्रिस्काला पक्कं माहीत होतं, पण विभागप्रमुखपद तोंडावर आलं होतं. "आठवत नाही," ती म्हणाली. गॉडफ्रेला घरी बसवलं. अहवालावर तिची सही तेवढी राहिली होती. ती ईस्टरनंतरच्या सोमवारी व्हायची होती.

पाय जमिनीवर टेकायला लागल्यावर तो तिच्या ओट्यावर आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"प्रिस्काबाय, एकच ओळ लिहा. 'बाटली मी ठेवली होती', एवढंच. मला परत घेतील."

"बघते. मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते, गॉडफ्रे."

"ती देवाला पोचेल. साहेबाला कागद लागतो."

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे धुतले तसे, फादर देवळात बारा जणांचे पाय धुतात. निवडलेली माणसं घरूनच पाय घासून येतात, फादरांना मळ दिसू नये म्हणून. प्रिस्कानेही टाचा दगडाने घासल्या, नखं कापली. पण यंदा फादर म्हणाले, "मी एकटा नाही धुणार. प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्याचे धुवा."

तिच्या उजवीकडे गॉडफ्रे होता. आता तो दुसऱ्याच्या वाडीत मजुरीला जायचा. तिथूनच तसाच आला होता.

ती गुडघ्यांवर बसली. तांब्यातलं पाणी त्याच्या बोटांवर सोडलं, टॉवेल टेकवला आणि उठू लागली.

"मॅडम," तो हळूच म्हणाला. गावात तो तिला बायच म्हणायचा. "बाटल्या तीनदा विसळायला लावायच्या तुम्ही. पाय एकदाच?"

पलीकडे बसलेला बेकरीवाला मेलरॉय फिसकन हसला.

ती परत बसली. भाजलेल्या पायाची कातडी गुलाबी, ताणलेली. दोन बोटं एकमेकांना चिकटलेली. फटींत चिखल. तिने तीनदा धुतला. फटी, टाच, घोटा, काही सोडलं नाही. तिसऱ्या वेळचं पाणी नितळ पडलं. काम चोख झालं, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

"मला क्षमा कर," ती पुटपुटली.

"केली. सोमवारी काय लिहिणार?"

ती टॉवेलची घडी घालत राहिली.

मग गॉडफ्रे मेलरॉयसमोर बसला. मेलरॉयचे पाय घरूनच लख्ख होऊन आले होते. तेही त्याने तीनदा धुतले.

मिस्साची प्रार्थना संपेपर्यंत फोटो गावभर फिरला. गुडघ्यांवर प्राध्यापिका, हातात मजुराचा पाय. 'केवढी नम्रता!' विद्यापीठातल्या लोकांनीही हात जोडलेली चित्रं पाठवली. प्रिस्काने प्रत्येकाला उत्तर दिलं.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत पोचली. कपाटातली एकेक बाटली उतरवून पुसली, नाव आणि तारीख घालून लेबल लावलं. एकही लेबल तिरकं नव्हतं.

अकरा वाजता अहवाल आला. अपघात अटेंडंटच्या निष्काळजीपणामुळे, असं त्यात लिहिलं होतं. तिने तो शेवटच्या ओळीपर्यंत नीट वाचला, एक चुकलेली तारीख दुरुस्त केली आणि सही केली.