९९९९ नंबरचा खातेदार

दूध संघात मला सगळे ‘कॉम्प्युटर’ म्हणत. कॉम्प्युटर विभागात मी एकटाच होतो, तेव्हा हाक विभागाला मारली काय किंवा मला मारली काय, उठून जाणार मीच. “कॉम्प्युटर जेवायला गेलेत,” “कॉम्प्युटरांचं पोट बिघडलंय,” अशी वाक्यं आमच्या नगरच्या ऑफिसात सहज बोलली जात आणि मला त्यांचा राग येई. मला राग मुळातच लवकर येतो. वडील शाळामास्तर होते. चर्चमध्ये कुणी बेसूर गायला लागलं की ते मान वळवून त्याच्याकडे बघत. मान वळवून बघायची ती खोड माझ्यातही आलीय.

संघाने ईआरपी घेतलं होतं. म्हणजे गावोगावचं दूध, त्याची फॅट, पशुखाद्याच्या गोण्या, टँकरच्या फेऱ्या, नोकरांच्या रजा, असं सगळं पोटात घेणारं एक मोठं सॉफ्टवेअर. पोटात गेलेलं मात्र सहजी बाहेर येत नसे. “नेवाशाकडचं दूध का घटलं?” असा साधा प्रश्न अध्यक्षांना पडला, तरी मला चार याद्या काढून एकमेकींना चिकटवाव्या लागत. दोन दिवसांनी उत्तर घेऊन जावं तर तोवर दूध पुन्हा वाढलेलं असे.

मग अध्यक्ष पुण्याकडच्या कुठल्याशा कारखान्यात जाऊन आले. तिथल्या साहेबांच्या केबिनमध्ये भिंतभर टीव्ही होता आणि त्यावर अख्खा कारखाना हिरव्या-लाल रंगात दिसत होता. परत आल्या आल्या त्यांनी मला बोलावलं.

“आपल्याला बी तसला बोर्ड पायजे. खुर्चीत बसल्या बसल्या मला समदं दूध दिसलं पायजे.”

“साहेब, त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. आणि ते आपल्या ईआरपीच्या डेटाबेसला जोडावं लागतं.”

“मग जोडा की. वायर न्हाई का?”

वायर होती. बाकीच्या गोष्टींना सहा महिने लागले. एका सॉफ्टवेअरला तारखेत आधी दिवस लागे, दुसऱ्याला आधी महिना. त्यामुळे मार्चच्या पाच तारखेला काढलेलं दूध बोर्डावर मेच्या तीन तारखेला पोचलं. सोयरीक जमवण्यासारखंच ते काम होतं. दोन्हीकडची मंडळी भली, पण एकमेकांशी बोलायला कुणी तयार नाही, आणि मधल्या मधे मी.

एकदाचा बोर्ड लागला. उद्घाटनाला टीव्हीला झेंडूचा हार घातला आणि नारळ फोडायचा मान मला दिला, कारण “मशीन तुमचं हाय.” मी ख्रिस्ती, पण त्याची कुणालाच अडचण वाटली नाही, मलाही नाही. अध्यक्षांनी स्वतः स्क्रीनला कुंकू लावलं. ते नकाशावर नेमकं संगमनेर तालुक्यावर लागलं आणि पुढचे दोन दिवस संगमनेर लाल का झालंय म्हणून ते तिकडच्या माणसांना फोनवर झापत राहिले. शेवटी मीच ओल्या फडक्याने संगमनेर पुसलं.

खरी भानगड तिसऱ्या दिवशी सुरू झाली. बोर्डावर एक यादी होती, सर्वांत जास्त दूध घालणाऱ्या खातेदारांची. तिच्यात पहिला नंबर होता खाते क्रमांक ९९९९, आणि नावाच्या जागी तीन टिंबं. दुसरी यादी होती शून्य दूध देणाऱ्या केंद्रांची. तिच्यात एकच केंद्र होतं, राजूरच्या वर डोंगरात असलेली एक वाडी.

या दोन्ही ओळी मी लगेच ओळखल्या, कारण दोन्ही माझ्यामुळेच तिथे आल्या होत्या. ९९९९ हे सॉफ्टवेअर बसवताना तपासणीसाठी उघडलेलं खातं. नावात निदान तीन अक्षरं लागत, म्हणून मी तीन टिंबं दिली होती. पुढे खरी माणसं भरायची वेळ आली तेव्हा सॉफ्टवेअर मोबाईल नंबरशिवाय एकालाही आत घेईना. डोंगरातल्या त्या वाडीत रेंज नाही, म्हणून मोबाईलही नाहीत. राजूरच्या शीतकरण केंद्रावर दूध मोजणाऱ्या कारकुनाने मला फोन केला, “साहेब, या बावीस घरांचं दूध टाकू कुठं?” मी म्हणालो, “तात्पुरतं ९९९९ वर टाका, मी बघतो.” खरं सांगायचं तर मला जेवायला जायचं होतं. त्या ‘तात्पुरतं’ला आता दीड वर्ष झालं होतं. पैसेवाटप जुन्या वहीवरूनच चालू असल्याने तक्रारही कुणी केली नव्हती.

हे मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो, आणि कायम करणारी सही ज्यांची, तेच समोर उभे राहून बोर्डाकडे कौतुकाने बघत होते.

“हा टिंबटिंब कोण?” अध्यक्षांनी विचारलं.

“बघतो साहेब,” मी म्हणालो. म्हणजे पुन्हा तेच.

आठवडाभरात त्या टिंबांना हातपाय फुटले. संचालक मंडळातले निम्मे म्हणाले की हा अध्यक्षांचाच लपवलेला गोठा आहे, नाहीतर नाव का छापलं नसतं? उरलेले निम्मे म्हणाले की हा कुणीतरी साधू वृत्तीचा शेतकरी आहे, नावाची हाव नसलेला. एक संचालक जीप घेऊन घोडेगावच्या बाजारात गेले आणि एवढ्या दुधाच्या गाई एकगठ्ठा कुणी नेल्या, अशी व्यापाऱ्यांकडे चौकशी करून आले. तीन व्यापाऱ्यांनी तीन वेगवेगळी वर्णनं सांगितली. एकाने तर त्याला मिशा असल्याचंही सांगितलं. मला हसू यायला हवं होतं, पण रात्री अंथरुणावर पडलं की तो मिशीवाला माझ्याकडे मान वळवून बघायचा.

अध्यक्षांनी वार्षिक सभेत ९९९९चा सत्कार ठरवला. शाल आणि फेटा आणला, पत्र टाईप झालं, ‘श्री.’ लिहून पुढे तीन टिंबं. त्याच दिवशी त्याच टेबलावर दुसरं पत्र टाईप झालं. डोंगरातल्या वाडीचं केंद्र दीड वर्ष शून्य दूध देत असल्याने बंद करण्यात येत आहे, महिनाअखेर दूध न्यायला येणारा टेम्पो थांबेल. दोन्हींवर अध्यक्षांनी एकाच पेनाने सही केली.

टेम्पो थांबला तर वाडीतलं दूध घाट उतरून पायी राजूरला न्यावं लागणार होतं. रोज दोन वेळा ते कुणालाच जमणार नव्हतं. म्हणजे बावीस घरांतलं दूध घरातच राहणार. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी दोन दिवस गप्प बसलो. त्या दोन दिवसांची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी वाडीच्या केंद्राच्या सचिव बाई आल्या. साठीच्या, काटक, डोक्यावर पदर. राजूरहून नगरला येणाऱ्या आमच्याच दुधाच्या टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आल्या होत्या. एका हातात ते पत्र, दुसऱ्या हातात किटली. त्या सरळ अध्यक्षांच्या केबिनमध्ये शिरल्या आणि त्यांनी किटली टेबलावर ठेवली. थंडीचे दिवस होते, दूध चांगलं होतं. बोर्डात काही अडलं तर म्हणून अध्यक्षांनी मला कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

“ह्ये आज सकाळचं,” बाई म्हणाल्या. “आमचं दूध येत न्हाई आसं लिवलंय तुमी. मंग ह्ये काय हाय?”

अध्यक्षांनी झाकण काढलं. दूध बघितलं. मग वळून बोर्ड बघितला. पुन्हा दूध बघितलं.

“दूध हाय,” ते म्हणाले. “पर बाई, हितं शून्य दिसतंय.”

“आवो, हात घालून बगा की!”

“मी कुटं न्हाई म्हंतोय? पर सिस्टीममधी न्हाई ना.” ते माझ्याकडे वळले. “कॉम्प्युटर, ह्ये दूध सिस्टीममधी कसं न्हाई?”

बाईही माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता. त्यांना वाटत होतं की हा शिकलेला माणूस आता काहीतरी शहाणपणाचं बोलेल. ते मला सोसलं नाही. मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. टिंबं, मोबाईलची अट, कारकुनाचा फोन, माझं ‘तात्पुरतं’. जेवायला जायचं होतं, तेसुद्धा.

अध्यक्ष बोटांवर काहीतरी जुळवत होते.

“म्हंजे पैला नंबर यांचा?”

“हो साहेब. बावीस घरांचा मिळून.”

“आन् बंद करायचं ते बी ह्येच?”

“हो.”

त्यांनी दोन्ही पत्रं समोर ओढली. आमचे अध्यक्ष सही केलेला कागद मागे घेत नाहीत अशी त्यांची ख्याती होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. खूप विचार करून ते म्हणाले, “आसं करू. सभेत आदी सत्कार करू, मंग म्हैनाअखेर बंद करू. दोनी कागुद ऱ्हातील.”

बाई खुर्चीतून उठल्या. “शाल तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “माजी किटली तेवडी रिकामी करून द्या. टँकर सुटंल माजा.”

मग मला माझा तो नेहमीचा राग आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो योग्य जागी आला. मी म्हणालो, “साहेब, दूध समोर आहे. चूक माझी आहे. मला काढा, पण ते पत्र फाडा.”

“फाडायला कारण पायजे. बोर्डावर लाल हाय तोवर फाडता येत न्हाई.”

“बोर्ड हिरवा झाला तर?”

“मंग काय, प्रश्नच मिटला!”

मी तिथेच बसलो. मोबाईल नंबर हवा ना, बावीसही नावांपुढे मी माझा नंबर टाकला. सॉफ्टवेअरने बावीस वेळा मला ओटीपी पाठवला आणि बावीस वेळा मी तो भरला. बाई एकेक नाव सांगत होत्या आणि मधूनमधून घड्याळाकडे बघत होत्या. मग मी ९९९९चं दीड वर्षाचं दूध उचलून वाडीच्या नावावर ठेवलं. डोंगरातला तो लाल ठिपका हिरवा झाला. अध्यक्षांनी तत्काळ पत्र फाडलं, हात जोडले आणि म्हणाले, “आता कसं, दूध दिसतंय!” किटली अजून त्यांच्या कोपराशीच होती.

मला काढलं नाही. कायम मात्र आणखी दोन वर्षं केलं नाही. ९९९९ यादीतून गेल्याने सभेतला सत्कार राहून गेला, आणि संचालक मंडळात काही जणांचं आजही ठाम मत आहे की टिंबटिंबला शेजारच्या डेअरीने फोडलं.

माझ्या मोबाईलवर मात्र रोज सकाळ-संध्याकाळ बावीस बावीस मेसेज येऊ लागले. आपले दूध इतके लिटर, फॅट इतकी, धन्यवाद. पहिल्यांदा वैताग आला. प्रार्थनेच्या मधे फोन थरथरायचा आणि बायको मान वळवून बघायची. पण पुढे पुढे मी ते वाचायला लागलो. कुणाची डांगी गाय आटली, कुणाची व्यायली, कुणी दुधात पाण्याचा हात जरा सैल सोडला, सगळं मला नगरमध्ये बसून कळायचं. त्या घरांतलं एकही माणूस मी पाहिलेलं नव्हतं, तरी नवव्या नंबरच्या घरी फॅट वाढली की मला बरं वाटे.

मग एका सकाळी एकही मेसेज आला नाही. बोर्डावर वाडी लाल होती, शून्य. राजूरचा कारकून फोन उचलेना. जनावरांमध्ये लम्पीची साथ असल्याच्या बातम्या येत होत्या. रजेचा अर्जही ईआरपीतच भरावा लागतो आणि ‘मेसेज आले नाहीत’ असं कारण त्यात निवडता येत नाही, म्हणून ‘वैयक्तिक’ निवडलं. मिळेल ती एसटी पकडत संगमनेर, अकोले करत राजूरला पोचलो आणि एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून वर गेलो.

वाडीत चिटपाखरू नव्हतं. टेकडीवरच्या देवळापाशी मात्र गर्दी दिसली. तिथे दोन भल्यामोठ्या कढयांमध्ये खीर शिजत होती आणि सचिव बाई पदर खोचून ढवळत होत्या. मला बघून त्या चकित झाल्या.

“आवो, आज देवीची जत्रा. आजच्या दिशी वाडीचं दूध वाडीच्या भाईर जात न्हाई. पूर्वीपास्नं हाय ह्ये. तुमी येवड्या लांब कशापायी आला?”

मी रडायच्या बेतात होतो आणि मी ते लपवलंही नाही. त्यांनी माझ्या हातात खिरीची वाटी दिली. देवळाच्या पायरीवर, अख्ख्या वाडीत एवढ्या एकाच जागी, थोडीशी रेंज येते. मी तिथे बसलो आणि फोन वाजला. अध्यक्ष होते.

“कॉम्प्युटर, डोंगराकडची वाडी लाल का झालीया? शून्य दावतंय.”

“बरोबर दाखवतंय, साहेब.”

“म्हंजे दूध न्हाई?”

“दूध खूप आहे. संघाला नाही.”

“मंग हिरवं कवा हुईल?”

मी बाईंना विचारलं. “उद्या सकाळी धारा काडल्या की,” त्या म्हणाल्या. मी तसंच सांगितलं आणि फोन ठेवला. एवढ्या वर्षांत माझ्या बोर्डावरचा एखादा आकडा खरा असल्याचं मी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, ते त्या दिवशी पहिल्यांदाच. मला त्याचा इतका आनंद झाला की मी आणखी एक वाटी खीर मागून घेतली.