दाराशी टांगलेला मासा

दुबईत जबल अली बंदराशी आमचं गोदाम होतं, त्याचे मॅनेजर नॉर्वेचे होते. टेबलावर त्यांच्या बेटाचा फोटो: पार उत्तरेला, नुसते काळे खडक, औषधालाही झाड नाही. हिवाळ्यात दोन महिने तिथे सूर्य उगवत नाही, हे ते कौतुकानं सांगत. गोदामात भाजून निघणाऱ्या आम्हाला हेवाच वाटायचा.

महायुद्धाच्या शेवटी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं तिथली घरं जाळली. साहेबांची आई तेव्हा गरोदर. लपून राहिलेल्या गावकऱ्यांबरोबर तिनं गुहेत दिवस काढले, साहेब जन्मले तेही तिथेच. सगळे तगले ते सुक्या माशावर. तेव्हापासून त्यांच्या घरी दाराशी एक सुका मासा टांगलेला असे. तो खायचा नाही. आईनं दिलेला तसाच एक साहेबांच्या दुबईतल्या दारालाही होता. आई आता राहिली नव्हती.

अठ्ठ्याण्णव साली घर बदलताना साहेबांनी तो मासा आठवडाभर माझ्याकडे सांभाळायला दिला. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास काढून मी घरी पोचलो आणि पिशवी बायकोच्या हातात देत एवढंच म्हणालो, साहेबांनी दिलाय. बायको मालवणची. घरात आलेला मासा शिजवायचा असतो, यात तिला शंका नव्हती. तिनं तो चार दिवस भिजत घातला. स्वयंपाकघरात काय भिजतंय हे मी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही.

शुक्रवारी साहेब मासा न्यायला आले, तर बायकोनं पुढ्यात ताट ठेवलं. भात आणि कोकम, तिरफळं घातलेलं लालभडक कालवण. माझ्या तोंडचं पाणी पळालं. अडखळत साहेबांना खरं काय ते सांगितलं आणि मान खाली घातली. मला फार लाज वाटली.

"अहो, हे मला आधी सांगायचं नाही का?" बायको रडवेली झाली.

साहेबांनी ताट जवळ ओढलं. मग जेवायला लागले. दोनदा भात मागून घेतला. डोळ्यांना पाणी आलं होतं. मी मिरचीला दोष दिला.

हात धुऊन आल्यावर ते म्हणाले, "पुन्हा उपासमार आली तर घरात काहीतरी असावं, म्हणून आई तो टांगायची. इथे मला ती भीती नाही. मला तुमचं घर आहे ना."

पुढच्या सुट्टीहून येताना त्यांनी दोन मासे आणले आणि दोन्ही बायकोच्या हातात दिले. त्यांच्या नव्या घराच्या दाराला मात्र काहीच टांगलेलं नव्हतं.